सुलभाताईंच्या हातचं भरीत

“वहिनी, एक विचारू? आमच्या बाईंच्या हातची चव गेली का हो?”

केसरबाईनं हे विचारलं तेव्हा मी मागच्या अंगणात उकिडवी बसून वांगी भाजत होते. समोर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, हातात चिमटा, डोळ्यांत धूर. मार्गशीर्षातला रविवार, सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. मी मान वर करून पाहिलं तर ही बाई आमच्या पायरीपाशी उभी. नऊ वर्षांत ती एकदाही आमच्या अंगणात आली नव्हती. कधी बोललीच तर भिंतीपलीकडून, तेही हातातलं काम न थांबवता.

केसरबाईच्या तोंडी ‘आमच्या बाई’ म्हणजे आमच्या शेजारच्या सुलभाताई इनामदार. ती त्यांच्याकडे धुणंभांडी करायची. मी म्हटलं, बस की, उभी का, चहा टाकते. तर म्हणाली, आत्ताच घेतला. आणि पायरीवर नाही, पायरीच्या खाली जमिनीवर टेकली. मी काही त्यात लक्ष घातलं नाही. वांगी जळतील याचीच मला काळजी.

आता मला आधी सुलभाताईंबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

खानदेशातल्या एका धरणाच्या वसाहतीत आम्ही राहायचो. आमचे हे पाटबंधारे कार्यालयात अनुरेखक, नकाशे काढायचे. इनामदार त्याच कार्यालयात हेडक्लार्क. दोन क्वार्टरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामानाचा ट्रक उभा असतानाच सुलभाताई भिंतीशी आल्या आणि पोहे देऊन गेल्या. आमच्या सामानात सगळ्यात वर बुद्धाची मूर्ती होती, मी ती गादीत गुंडाळायची विसरले होते. ती त्यांनी पाहिली, हसल्या आणि “छान आहे हो मूर्ती” म्हणाल्या. मला रडूच आलं. याआधीच्या गावात ती मूर्ती शोकेसमध्ये ठेवली त्या आठवड्यापासून शेजारीण माझ्याकडे यायची बंद झाली होती. त्यामुळे ही बाई मला देवासारखी वाटली, आणि मी तिला जीव लावून बसले.

जीव लावायचा म्हणजे मी काय करणार? मला दुसरं काय येतं? मी स्वयंपाक केला. हिवाळ्यात भरीत, भोगीला तिळाच्या भाकरी आणि सगळ्या शेंगांची भाजी, कुरडयांच्या दिवसांत गव्हाचा गरम चीक, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खापरावरचे मांडे, पावसाळ्यात बाजारात करटुली दिसली रे दिसली की त्यांची भाजी. जे घरात केलं त्याचा पहिला डबा भिंतीपलीकडे. सुलभाताई कधी रिकामा डबा परत द्यायच्या नाहीत. त्यात कधी बेसनाचे लाडू, कधी मुरांबा, कधी चकल्या. त्यांच्या हातचा मुरांबा आमचे हे चमच्यानं खायचे.

आणि कौतुक! बाई, तसं कौतुक माझं माझ्या आईनंसुद्धा कधी केलं नाही. इतर बायका काय म्हणतात, छान झालं होतं हं. संपलं. सुलभाताई दुसऱ्या दिवशी भिंतीशी येऊन घासाघासाचा हिशेब द्यायच्या. कालच्या भरितात शेंगदाणे तळून टाकलेस ते बरं केलंस, दाताखाली आले. पातीचा कांदा किंचित कच्चट राहिला. करटुल्याला या वेळी तेल बेतानं होतं, तेच आवडलं. मी ते सगळं लक्षात ठेवायची आणि पुढच्या वेळी त्याप्रमाणे बदलायची. माझा हात नऊ वर्षांत जो काही सुधारला तो त्यांच्या जिभेवर सुधारला, असं मी सगळ्या वसाहतीत सांगत फिरायची.

त्यांना उपास फार. मंगळवार, गुरुवार, शनिवार, शिवाय एकादशी, चतुर्थी. मी त्यांचे वार पाठ केले होते. भरीत करायचं तर रविवारी, म्हणजे ताईंना खाता येईल. उपासाच्या दिवशी काही द्यावंसं वाटलं तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी वेगळ्या, बिनकांदा-लसणाच्या पातेल्यात करायची. ते पातेलं मी त्यांच्यासाठी खास घेतलं होतं.

आणि आता हे ऐका. त्याच महिन्यात आमच्या यांना बढती आली होती, धुळ्याला. मी हटून बसले. म्हटलं, पुन्हा नवं गाव, पुन्हा नवे शेजारी, पुन्हा मूर्ती कुठे ठेवायची याचा विचार, मला नाही जमणार. असं घर, असा शेजार पुन्हा मिळायचा नाही. रोज संध्याकाळी आमच्याकडे तोच विषय. शेवटी हे कंटाळले. बढती नको असल्याचा अर्ज लिहून त्यांनी टेबलावर ठेवला होता, सोमवारी द्यायचा होता. म्हणजे दुसऱ्याच दिवशी. एकदा दिला की पुढची पाच-सात वर्षं बढतीचं नाव काढायचं नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, चालेल.

तर त्या रविवारी मी वांगी भाजत होते, आणि केसरबाई सुलभाताईंच्या हातची चव गेली का म्हणून विचारत होती.

तिची लेक रंजना बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा संपत आला होता, पण पोरीच्या पोटात काही ठरत नव्हतं. भात पाहिला की उलटी, वरण पाहिलं की उलटी. गालफडं बसली होती. डॉक्टर म्हणाले, काहीतरी खायला घाला, नाहीतर सलाईन लावावं लागेल. केसरबाईनं तिला बसवून विचारलं, तुले खावंसं तरी काय वाटतं? पोर म्हणाली, बाईंच्या हातचं भरीत.

“मले लाज वाटली वहिनी, पण गुरुवारी मी बाईंपुढं तोंड उघडलंच,” केसरबाई म्हणाली. “बाई म्हणाल्या, देते की. शुक्रवारी देल्लं. पोरीनं एक घास घेतला अन् ताट सरकवलं. हे ते नव्हे म्हणे. मी चाखलं. खरंच ते नव्हतं. ते कसं, वांग्याले धुराचा वास असते, लसूण आतपर्यंत गेलेली असते. हे आपलं गॅसवरचं, कच्चं-कच्चं.”

मी म्हटलं, होतं एखाद्या दिवशी तसं. माझंही होतं. आणि चिमट्यानं वांगं पालटलं. माझ्या आईची पद्धत होती, भाजण्याआधी वांग्याला चीर द्यायची आणि आत लसणीच्या पाकळ्या खुपसायच्या, म्हणजे लसूण वांग्याबरोबरच भाजली जाते. मी तसंच करते. सुलभाताईंनी माझ्याकडून ते शिकून घेतलं असेल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला आनंदच झाला.

केसरबाई पुढे बोलत राहिली. एरवी गप्प असणारी बाई, पण लेकीच्या काळजीनं तिला बोलतं केलं होतं. तिचं म्हणणं असं, की तुम्ही दोघी बहिणींसारख्या, बाई काय टाकतात ते तुमले ठाऊक असेल, एवढं मले सांगा, मी घरी करते. मग ती सांगू लागली, बाई तिला किती वर्षांपासून काय काय देतात. दिवाळी झाली की भरीत. भोगीची भाजी. चैत्रात गव्हाचा चीक, तिची पोरं त्याच्यावर साखर घालून बोटं चाटायची. पावसाळ्यात करटुली. उपासाची भगर, आमटी.

“अन् आखाजीले मांडे,” ती म्हणाली. “पातळ, कागदासारखे. बाईंसारखे मांडे अख्ख्या तालुक्यात कोणाले येत नाही.”

माझा हात थांबला. मांडे करायला पेटती चूल लागते, तिच्यावर उपडं घालायला मातीचं मोठं खापर लागतं. सुलभाताईंच्या घरात चूल नव्हती. खापर तर त्यांनी माझ्याच अंगणात पहिल्यांदा पाहिलं होतं आणि विचारलं होतं, हे काय गं, कुंडी का?

“त्या तुला देतात कशा?” मी विचारलं.

“माझ्या डब्यात. मी आदल्या दिवशी डबा धुऊन मागच्या ओट्यावर ठेवते. दुसऱ्या दिवशी भरलेला असते. बाईंचं लई स्वच्छ काम, उरलंसुरलं कधी देत नाहीत. पहिल्या हातचं देतात.” मग ती कौतुकानं हसली. “अन् हौस किती! घरी नेलं की दुसऱ्या दिवशी इचारतात, केसर, कसं झालं होतं? नीट सांग. मीठ कसं, तेल कसं, दाण्याचं काय, पोरांले काय आवडलं. मी सगळं सांगते. त्याहीले हौस ना, आपल्या हातचं लोकांले कसं लागते याची.”

वांगं फुटून त्याचं पाणी निखाऱ्यावर पडलं आणि चर्र झालं. मी ते तसंच राहू दिलं. दाताखाली येणारे शेंगदाणे. कच्चट राहिलेला पातीचा कांदा. बेतानं घातलेलं तेल. हे सगळं केसरबाईच्या जिभेवरून सुलभाताईंच्या कानात आणि तिथून भिंतीवरून माझ्याकडे येत होतं. नऊ वर्षं. आणि मी ते पाठ करत होते.

केसरबाईला मी एवढंच म्हटलं, तू घरी जा, पोरीला सांग, दुपारपर्यंत भरीत येईल. ती म्हणाली, बाई करतील पुन्हा? मी म्हटलं, बघते मी. ती गेली.

मग मी भरीत केलं. तुम्ही म्हणाल, अशा वेळी हिला स्वयंपाक कसा सुचला. पण हातांना दुसरं काही येत नव्हतं. वांगी सोलली, लाकडी बडगीत घातली, भाजलेल्या मिरच्या घातल्या आणि ठेचली. इतकी ठेचली की हे आतून बाहेर आले आणि म्हणाले, बडगी फोडतेस का? फोडणी दिली, पातीचा कांदा परतून घातला, दाणे तळून घातले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या लाटल्या. एका ताटलीत गरम भरीत आणि चार पुऱ्या घेतल्या आणि भिंतीवरून न देता पुढच्या दारानं इनामदारांकडे गेले.

इनामदार बाजारात गेले होते. सुलभाताई स्वयंपाकघरात गव्हातले खडे निवडत होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा नेहमीसारखा फुलला. “ये ये प्रमिला, वास केव्हाचा येतोय. ठेव मागे ओट्यावर, जेवताना घेते.”

“गरम आहे ताई. एक घास माझ्यासमोर घ्या.”

त्या हसल्या. म्हणाल्या, अजून पूजा व्हायची आहे. मी म्हटलं, करा पूजा, मी थांबते. म्हणाल्या, आज जरा पित्त आहे गं. मी म्हटलं, मग एवढंच, बोटभर. आणि मी ताटली त्यांच्यापुढे, गव्हाच्या सुपाशेजारी ठेवली. त्यांनी सूप बाजूला ओढलं. मुद्दाम ओढलं असं नाही, हात आपोआप गेला. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलेलं त्यांनीही पाहिलं.

त्यांनी ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा हात पुरीपर्यंत आला होता, खरंच आला होता. पुरीला लागून तो मागे गेला आणि त्यांनी तो पदराला पुसला.

“केसर काही बोलली का?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“कोणी काही बोललं नाही. इतकी वर्षं मलाच दिसलं नाही.”

त्या गव्हात बोटं फिरवू लागल्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि वाईट हे की त्या खोटं बोलत नव्हत्या. पहिल्या वर्षी सासूबाई होत्या. सासूबाईंना चालत नव्हतं. त्यांच्यादेखत डबा आत आणायची सोय नव्हती, आणि नको म्हणून परत पाठवावा तर मी दुखावणार. म्हणून केसरला दिला. सासूबाई वारल्या त्याला सहा वर्षं झाली होती. त्या गेल्यावर एकदा सुलभाताईंनी मनाशी ठरवलं, आता खायचं. माझ्या हातचा मांडा त्यांनी ताटात घेतला. तुकडा मोडला.

“नाही गेला गं घशाखाली,” त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “मी काय करू? माझा तुझ्यावर जीव आहे, देवाशपथ आहे. पण नाही गेला.”

“आणि ते कौतुक?”

“तुला किती बरं वाटायचं. तुझं तोंड असं उजळायचं. मला ते मोडवेना.” मग त्यांनी माझा हात धरला आणि जे बोलल्या ते त्यांना फार मोठं वाटत होतं हे मला दिसत होतं. “एक सांगते प्रमिला, तुझ्या अन्नाचा एक कणसुद्धा मी कधी वाया घालवला नाही.”

मला ओरडायचं होतं. त्यांचं सूप उधळून द्यायचं होतं. तुमचा मुरांबा आम्ही चमच्यानं खाल्ला हे सांगायचं होतं, तुमच्यासाठी मी पातेलं वेगळं ठेवलं हे सांगायचं होतं. त्याऐवजी मी माझा हात सोडवून घेतला, ताटली उचलली आणि घरी आले. इतका अपमान माझा त्या जुन्या गावातल्या शेजारणीनंही केला नव्हता. ती निदान यायची बंद झाली होती. मला कळलं होतं मी कुठे आहे ते.

हे ओसरीवर पेपर वाचत होते. मी ताटली त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. मध्ये एकदाही त्यांनी थांबवलं नाही. माझं झाल्यावर त्यांनी पेपराची घडी घातली.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले.

“काय माहीत होतं?”

“इनामदार ऑफिसात माझ्या थर्मासमधला चहा घेत नाहीत. पहिल्या वर्षापासून. मग घरचं तरी कसं खातील?”

“आणि तुम्ही मला बोलला नाहीत?”

“मला वाटायचं, तुलाही माहीत असेल. तू कानाडोळा करत असशील. सगळेच करतात.” मग म्हणाले, “आणि तू खूष होतीस.”

म्हणजे तेही तेच म्हणाले. मला बरं वाटत होतं म्हणून सुलभाताई खोटं बोलल्या, आणि मला बरं वाटत होतं म्हणून हे गप्प बसले. माझ्या आनंदाची काळजी घ्यायला दोन घरं जागी होती आणि त्यात मूर्ख मी एकटी. मी टेबलावरचा अर्ज घेतला, फाडला आणि चुलीत घातला. म्हटलं, धुळ्याला जायचं. हे पुरी मोडून भरीत खायला लागले.

उरलेलं भरीत मी डब्यात भरलं आणि केसरबाईच्या घरी निघाले. रागात माणूस काय ठरवतं ते ऐका. मी ठरवलं होतं, तिथे जायचं, पोरीपुढे डबा उघडायचा आणि सांगायचं, हे माझं आहे. मांडे माझे, चीक माझा, करटुली माझी. तुझ्या पोटात जे पोर वाढतंय ते माझं भरीत मागतंय. निदान एका घरात तरी माझ्या हातच्या अन्नावर माझं नाव लागायला हवं होतं. वाटभर मी ते वाक्य मनात घोळवत होते.

केसरबाईची वस्ती नदीकडे, वसाहतीपासून दहा मिनिटांवर. दुपारचे दीड-दोन झाले होते. पत्र्याचं घर, पण सारवलेलं, लख्ख. रंजना दाराशी गोधडीवर पडली होती. मी तिला लहानपणी कधीतरी पाहिलं असेल. आता नुसते डोळे आणि पोट उरलं होतं. केसरबाई मला दारात पाहून उभी राहिली. तिनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्या पदराला लागलेल्या राखेकडे. सकाळी तिनं मला वांगी भाजताना पाहिलंच होतं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि लगेच बंद झालं.

मी डबा उघडला. धुराचा वास सगळ्या घरात पसरला. पोर कोपरावर उठून बसली. तिनं मला ताट मागितलं नाही, डब्यातच बोट बुडवून चाटलं. मग दुसरं. मग पुरीचा तुकडा मोडून पहिला घास घेतला, आणि तो पोटात राहिला. दुसरा घेतला. केसरबाईनं तोंडावर पदर धरला होता.

“हेच ते,” रंजना म्हणाली. “माय, हेच ते.”

आणि मी बोलायला तोंड उघडलं. वाक्य तयार होतं.

त्याच्या आधी केसरबाई बोलली. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती, लेक आणि मी यांच्या मध्ये. तिनं सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. सकाळी माझ्या पायरीवर न बसलेली, माझ्या हातचा चहा न घेतलेली बाई.

“बाईंनीच धाडलं ना, वहिनी?” तिनं विचारलं.

तिला माहीत होतं. मला आजही शंका नाही, त्या क्षणी तिला सगळं माहीत होतं. आणि ती माझ्याकडे होकार मागत होती, हात न जोडता. तिच्यामागे पोर खात होती. तिसरा घास तोंडात आणि चौथा हातात. मी खरं बोलले असते तर तो चौथा घास खाली गेला असता की डब्यात पडला असता? पोरीला काही वाटलं नसतं असं मला कधी कधी वाटतं. कधी कधी अगदी उलट वाटतं. तिचं मला कधीच कळणार नाही, कारण मी तिला विचारलंच नाही.

“हो,” मी म्हटलं. “बाईंनीच.”

केसरबाई बाजूला झाली. रंजनानं सगळा डबा संपवला. मी शेवटपर्यंत तिथे उभी होते, कोणी बस म्हणालं नाही. तिनं डब्याची कड बोटानं पुसून घेतली, पाणी प्यायली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, “वहिनी, बाईंना सांगा, देवानं त्यांच्या हातात अशीच चव ठेवावी.”

“सांगते,” मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी आम्ही धुळ्याला गेलो. सुलभाताई निरोप द्यायला दारापर्यंत आल्या, रडल्याही. मला त्यांचा राग आता येत नाही म्हटलं तर ते खोटं होईल, येतो. केसरबाईचा येतो, यांचा तर हे वारले तोवर येत होता. पण त्या तिघांनी मिळून मला जेवढं फसवलं नाही तेवढं मी त्या पत्र्याच्या घरात एका शब्दात स्वतःला फसवलं. त्यांच्याशी मी मनातल्या मनात अजून भांडते. माझ्याशी भांडायला मात्र मला तोंड नाही.